पीटी-३०५ : तेरा फूट कापलेली युद्धनौका

पीटी-३०५ ही अमेरिकी नौदलाची ७८ फूट लांबीची लाकडी टॉर्पेडो नौका. न्यू ऑर्लिन्सच्या हिगिन्स कारखान्यात बांधलेल्या या नौकेने १९४४-४५ मध्ये भूमध्य समुद्रात शत्रूची जहाजे बुडवली. युद्ध संपताच फिलिपिन्समध्ये अशा शंभराहून अधिक नौका नौदलानेच जाळून टाकल्या. ही न्यूयॉर्कमध्ये होती म्हणून वाचली व १९४८ मध्ये विकली गेली. ६५ फुटांहून लांब बोटीवर परवानाधारक खलाशी ठेवावे लागत. त्यावर मालकाने काढलेला उपाय अजबच : नौकेचा मागचा १३ फुटांचा भाग सरळ कापून टाकला! मग चेसापीक उपसागरात तिच्यावर कालवांचा धंदा चालला. न्यू ऑर्लिन्सच्या दुसरे महायुद्ध संग्रहालयाने ती २००७ मध्ये मिळवली. स्वयंसेवकांनी तुटलेला भाग नव्याने बांधला आणि २०१७ मध्ये ती पॉन्चरट्रेन सरोवरात पुन्हा उतरली.