कहाणीतली सून आणि धुरंधरांचा कुंचला

आषाढातल्या दिव्यांच्या अवसेला आमच्या घरी समया-निरांजने घासण्याचे काम आत्याकडे असे. चिंच आणि राख लावून एकेक दिवा ती लखलखीत करी, पाटावर मांडी आणि मग आम्हा पोरांना समोर बसवून कहाणी सांगे. राजाच्या सुनेने घरातले काही खाल्ले आणि आळ उंदरांवर घातला. उंदरांनी सूड म्हणून तिची चोळी रात्री पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकली. सकाळी बोभाटा झाला, सून घराबाहेर गेली. पुढे अवसेच्या रात्री राजा एका झाडाखाली थांबला असता गावोगावचे दिवे झाडावर बसून आपापल्या घरची हकीकत सांगताना त्याने ऐकले. त्याच्या घरचा दिवा तेवढा मलूल होता. त्या दिव्याने खरे सांगितले आणि सून मेण्यात बसून घरी आली.

ही कहाणी मला काही वर्षांपूर्वी एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात चक्क इंग्रजीत भेटली. पुस्तकाचे नाव 'डेक्कन नर्सरी टेल्स', साल १९१४, लेखक सी. ए. किंकेड. पारसनीसांच्या जोडीने मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ते हेच आय. सी. एस. किंकेडसाहेब. आदितवारापासून शनिवारापर्यंतच्या आणि इतर मिळून आपल्या वीस गोष्टी त्यांनी घेतल्या आणि पुस्तक आपल्या लहानग्या डेनिसला अर्पण केले. (हा डेनिस मोठेपणी आय. सी. एस. होऊन याच मुंबई इलाख्यात आला, शिवाजी महाराजांचे चरित्र लिहून गेला आणि १९३७ साली कारवारच्या समुद्रात बुडाला. आमच्या कहाण्यांवर वाढलेला पोर म्हणून मला त्याची हळहळ वाटते.) चित्रे होती महादेव विश्वनाथ धुरंधरांची. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते; गोष्टी कोश घेऊन वाचल्या, चित्रे मात्र एका बैठकीत.

धुरंधर १८६७ साली जन्मले, कोल्हापूरचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून शिरले आणि त्याच शाळेच्या संचालकाच्या खुर्चीत काही काळ बसून १९३१ मध्ये निवृत्त झाले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या नावाचे त्यांचे आत्मकथन आहे. मोठी तैलचित्रे, पदके, रावबहादुरी, सगळे त्यांना मिळाले. पण माझा जीव त्यांच्या लहान कामांत रमतो. विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रांच्या पोस्टकार्डांचे वेड मुंबईत आले, तेव्हा एवढ्या मोठ्या चित्रकाराने त्या एका वितीच्या तुकड्यावर मुंबईचा रस्ता उतरवण्यात कमीपणा मानला नाही. कोळीण आली, पिवळ्या पगडीचा पोलीस आला. आरंभीच्या त्या कार्डांवर पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहिण्याची मुभा नव्हती, म्हणून लोक चित्राच्या कडेला उरलेल्या कोऱ्या जागेत खुशाली कोंबत. कोळणीच्या पदराला लागून कुणाचा तरी नमस्कार!

एडवर्ड्स नावाचे साहेब मुंबईचे पोलीस कमिशनर होते. शहराच्या गल्लीबोळांवरचे त्यांचे लेख 'बायवेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकात आहेत, त्याच्या १९१२ च्या आवृत्तीलाही चित्रे धुरंधरांचीच. पुढे ऑटो रोथफेल्डच्या 'विमेन ऑफ इंडिया'साठी त्यांनी नाना जातीजमातींच्या स्त्रिया रंगवल्या. हे पुस्तक मला तितकेसे भावत नाही. तिथे बाई नमुना म्हणून उभी राहते. जातीचे नाव खाली, तिचे स्वतःचे नाव नाही.

मराठी घरातली बाई रंगवताना मात्र धुरंधरांचा हात निराळाच चाले. नऊवारीचा काष्टा कुठे ताणतो, कमरेवर घागर घेतली की पाठ कशी कलते, पदर कोणत्या हाताने सावरतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. साहेब कहाणी बाहेरून पाहून लिहीत होता. चित्रकार त्या कहाणीच्या घरातच राहत होता.

पुस्तक घेऊन मी आत्याकडे गेलो. तिच्याविषयी एवढेच सांगतो, की कुणाच्याशा सांगण्यावरून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले ते कायमचेच. झाडावर बसून तिच्याकरता बोलणारा दिवा कोणी निघाला नाही. घरात हा विषय कधी निघत नसे. दर अवसेला ती हीच कहाणी का सांगे, हे मला चित्रे बघेपर्यंत सुचले नव्हते, याची आता लाज वाटते.

चष्मा पुसून तिने पाने उलटली. एका चित्रातल्या बाईच्या लुगड्यावरून बोट फिरवत म्हणाली, "काष्टा अगदी बरोबर काढलाय हो." मग मला ती गोष्ट मराठीत वाचून दाखवायला लावली. मी अडखळत शेवटापर्यंत गेलो.

"अरे, साहेबाच्या गोष्टीत उंदरांना काही शिक्षा झाली का?"

"नाही, आत्या."

"माझ्याही गोष्टीत होत नाही," ती म्हणाली, आणि तिने पान उलटले.