होमस्टेडचा संप

अमेरिकेंत पिट्सबर्गजवळ, मोनोंगहेला नदीच्या कांठीं, होमस्टेड येथें अँड्र्यू कार्नेगी यांचा पोलादाचा प्रचंड कारखाना होता. कामगार सुमारें ३,८००. संघाचे सभासद मात्र ८०० च्या आसपास. १८७६ सालीं स्थापन झालेला तो संघ कसबी कारागिरांचा. बिगारी मजुरांस त्यांत थारा नव्हता.

जून १८९२ अखेर मजुरीचा करार संपत आला, तेव्हां दर उतरवून संघच मोडावा असा बेत कारभारी हेन्री फ्रिक यांनीं केला आणि कारखान्यास टाळें ठोकलें. (कार्नेगी त्या वेळीं स्कॉटलंडांत होते, दूर असणें कधीं कधीं सोयीचें असतें.) नवल हें कीं, संघानें ज्यांस दाराबाहेर ठेविलें होतें, ते बिगारीही कारागिरांच्या पाठीशीं उभे राहिले. ६ जुलैस पिंकर्टन संस्थेचे ३०० भाडोत्री पहारेकरी पडावांतून आले. दिवसभराच्या चकमकींत दोन्हीकडील माणसें मेलीं. अखेर पहारेकरी शरण गेले. मग ८,००० वर सरकारी सैन्य उतरलें.

नोव्हेंबरांत, हलाखीनें टेकीस आलेल्या बिगाऱ्यांनींच कामावर परतण्याची मुभा मागितली. त्यांना दोष कोण देईल? संप मोडला, संघ खचला.

कसबी व बिगारी यांस एकत्र आणणारी संघटना पुढें १९३६ सालीं उभी राहिली. कार्नेगींचा कारखाना १९०१ सालीं ज्या कंपनींत विलीन झाला, तिनें २ मार्च १९३७ रोजीं संपावांचून करारावर सही केली: आठवड्याचे ४० तास, दिवसाचे किमान ५ डॉलर.