अतिशीताचे अर्थकारण आणि ठाणे-कल्याणचा पट्टा

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या कारखानदारीचा इतिहास सहसा रसायने व यंत्रसामग्रीच्या अंगाने लिहिला जातो. परंतु तिला लागणारा प्राणवायू कोठे आणि किती विजेत द्रवरूप होतो, हा प्रश्नही त्या इतिहासाचाच भाग आहे. कार्ल फोन लिंडे यांनी १८९५ मध्ये दाबलेली हवा झडपेतून एकदम प्रसरण पावू देऊन थंड करण्याची आणि त्याच थंड हवेने मागून येणारी हवा गार करण्याची पद्धत सिद्ध केली. पुढे द्रव हवेतून उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळणारा प्राणवायू वेगळा काढता येऊ लागला.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट व पाठोपाठ डोंबिवलीची एमआयडीसी उभी राहिली, तेव्हा गॅस कटिंग करणाऱ्या वर्कशॉपांना प्राणवायू सिलिंडरमधून मिळे. सिलिंडरमध्ये वायूपेक्षा पोलादाचेच वजन कितीतरी पट अधिक असते, तर द्रवरूपात तोच वायू सुमारे ८६० पट कमी जागेत मावतो. शिवाय संयंत्र जितके मोठे तितकी दर टनामागे वीज कमी लागते. त्यामुळे उत्पादन पोलाद कारखान्यांसारख्या मोठ्या केंद्रांत एकवटत गेले आणि निर्वात दुहेरी भिंतींच्या टँकरवरील अवलंबन वाढले.

या व्यवस्थेची कसोटी २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, लागली. १९ एप्रिल रोजी कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमकडे निघाली. घाटातील बोगद्यांत उंच मालाला मज्जाव असल्याने ती दिवा-वसई मार्गाने, म्हणजे डोंबिवलीच्या वेशीवरून, वळवण्यात आली आणि भरलेले टँकर नागपूर व नाशिकला पोहोचले.

अतिशीतावरच चालणाऱ्या अतिवाहक चुंबकांची, म्हणजे विद्युतरोध पूर्णपणे नाहीसा झालेल्या तारांच्या वेटोळ्यांची, गोष्ट मात्र वेगळी आहे. एमआरआय यंत्रातील असे चुंबक ४.२ केल्विनच्या द्रव हेलियममध्ये बुडवलेले असते, आणि त्या तापमानाला एक वॅट उष्णता काढण्यास सिद्धांततः सुमारे ७०, तर लहान शीतकाला प्रत्यक्षात हजारो वॅट वीज लागते. तरीही महागडे, आयात करावे लागणारे हेलियम उडून जाऊ देण्यापेक्षा जागच्या जागी पुन्हा द्रवरूप करणे स्वस्त पडते. तपासणी थांबल्यावरही खोलीत ऐकू येणारा ठेक्यातला ठोका या शीतकाचाच असतो. प्राणवायूच्या बाबतीत शीतनिर्मिती ग्राहकापासून दूर गेली आणि हेलियमच्या बाबतीत ती ग्राहकाच्या दारी आली, आणि दोन्ही वेळा निर्णय केवळ यंत्राच्या कार्यक्षमतेने नव्हे, तर वाहतुकीचा आणि नासाडीचा हिशेब धरून झाला.