न झोपणारी वेल

"कोरडवाहू द्राक्षबाग" असं लातूर-नांदेडकडे कुणाला म्हणून बघा. समोरचा तुमच्याकडे काळजीने पाहील. कोरडवाहू म्हणजे तूर, ज्वारी, सोयाबीन. द्राक्षाला ठिबक नाही म्हणजे बाग नाही, विषय संपला.

आणि तरी कॅलिफोर्नियात सोनोमा भागात अशा बागा उभ्या आहेत. काही तर 1880च्या दशकातल्या! झिनफँडेल, कारिन्यान, पेटीट सिरा अशा जाती एकाच वावरात मिसळून लावलेल्या, आपल्याकडे ज्वारीत तूर असते तशा. तोडणी एकत्र, वाइनही एकत्र. रिज कंपनीची 'गायझरव्हिल' ही लाल वाइन 1966पासून अशाच द्राक्षांची. बाटलीवर मोठं नाव जातीचं नाही, गावाचं. हिवाळ्यातला पाऊस जमिनीत मुरतो, मुळं खोल जाऊन तो शोधतात, आणि थंडीत पानं गाळून वेल चक्क झोपते.

आपली वेल झोपतच नाही. कडक थंडी नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. वर्षाला दोन रिलीज, मध्ये सुट्टी नाही :) साधारण 15 वर्षांत वेल थकते आणि बाग काढतात. ठिबकच्या सवयीने मुळंही वरवरच राहतात.

हा दोनदाचा प्रकार जुना आहे म्हणे. 14व्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला होता. इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं त्याने लिहून ठेवलंय. पाणी तेव्हा मोटेचं असणार.

आज गंमत अशी, की खाली खुंट असतं डॉगरिज, म्हणजे टेक्सासच्या रानद्राक्षाचं. पाण्याचा ताण आणि खारं पाणी सोसतं म्हणून ते महाराष्ट्रभर पसरलं. वर कलम बऱ्याचदा तास-ए-गणेशचं, ती जात सांगलीच्या तासगावची. म्हणजे मूळ दुष्काळ सोसणारं आणलं आणि वर दोन छाटण्यांचा भार टाकला.

जुन्या वेलीच्या चवीबद्दल वाइनवाले भरभरून बोलतात. मला त्यात चवीआधी हिशेब दिसतो. जुन्या कोरडवाहू वेलीला घड कमी लागतात. बाटली महाग विकली जाते म्हणून ते सोनोमात परवडतं. खाण्याची द्राक्षं किलोवर विकून बँकेचा हप्ता भरणाऱ्याने ते कसं परवडवायचं?

एप्रिल 2016मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. गाडी सुटली मिरजेहून, म्हणजे तासगावच्याच सांगली जिल्ह्यातून. आणि महिना होता खरड छाटणीचा.