लंडनचे भिक्खू आणि भोजनदानाची पाळी

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा विहार कसा उभा राहिला, जागा कोणी मिळवून दिली, पहिला स्लॅब कधी पडला, हा इतिहास दरवेळी छापला जातो. तो छापायलाच हवा. पण यंदा आम्ही जरा लांबचा इतिहास सांगणार आहोत. तो लंडन शहरातला आहे. तो का सांगावासा वाटला, हे आधी सांगतो.

सहा वर्षांपूर्वी आपल्या विहारात एक भन्तेजी वर्षावासाला आले होते. पहिले दोन आठवडे उत्साह काय वर्णावा! एकेका दिवशी तीन-तीन घरचे डबे यायचे. तिसऱ्या आठवड्यात एक डबा आला, तोही साडेबाराला. चौथ्या आठवड्यात दोन दिवस कोणीच आलं नाही. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्या कोणाची तरी पाळी असेल. भन्तेजी एका शब्दाने बोलले नाहीत. पाचव्या आठवड्यात त्यांनी आम्हाला बोलावून शांतपणे सांगितलं की, वर्षावासाच्या ठिकाणी पुरेसं अन्न मिळत नसेल तर भिक्खूला तिथून निघता येतं, अशी मुभा विनयातच आहे. आणि ते गेले. आमच्या माना खाली गेल्या. त्यानंतर आम्ही काही जण विनयपिटकाचं भाषांतर आणि धम्मप्रसाराचा इतिहास वाचायला बसलो. त्या वाचनातून हा लेख झाला.

धम्म परमुलखात गेला तो कसा, असं विचारलं की आपण सम्राट अशोकाच्या काळातले धम्मदूत आठवतो. महावंसात त्यांची यादी आहे. मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी नऊ दिशांना स्थविर पाठवले. महाधम्मरक्खित महारट्ठात आले, योनक धम्मरक्खित अपरान्तात, म्हणजे आपल्या सोपाऱ्याच्या बाजूला. एके काळी प्रत्यंत देश तो आपलाच होता. भाषा वेगळी, जेवण वेगळं, असे भिक्खू आपल्या पूर्वजांच्या दारात उभे राहिले असणार, आणि कोणीतरी त्यांच्या पात्रात भाकरतुकडा घातला असणार. एकटा भिक्खू पाठवायचा नाही, उपसंपदेपुरते भिक्खू बरोबर द्यायचे, अशी परंपरा अट्ठकथेत सांगितली आहे.

त्याच्याही आधीची एक हकिकत महावग्गात आहे. अवंतीत महाकच्चान थेर राहत होते. सोण कुटिकण्ण नावाच्या उपासकाला उपसंपदा द्यायची, तर दहा भिक्खू लागत. अवंती-दक्षिणापथात भिक्खू इतके थोडे की दहा जण जमवायला तीन वर्षे गेली! पुढे सोण तथागतांच्या दर्शनाला श्रावस्तीला निघाले, तेव्हा महाकच्चानांनी त्यांच्याजवळ निरोप दिला. इकडची जमीन काळी आहे, खडबडीत आहे, जनावरांच्या खुरांनी तुडवलेली आहे. इकडचे लोक वारंवार स्नान करतात. तर काही सवलत मिळावी. (काळी जमीन म्हटल्यावर आम्हाला आपलं गावच दिसलं.) तथागतांनी निरोप ऐकला आणि प्रत्यंत देशांसाठी नियम सैल केले. पाच भिक्खूंत उपसंपदा चालेल, जाड तळाच्या वहाणा चालतील, रोज स्नान चालेल, अंथरायला कातडं चालेल. मुलूख बदलला की अंगाला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे पाहणारा हा धम्म आहे. तीन चीवरांचा नियमही तसाच झाला. वैशालीला हिमाच्या दिवसांत तथागत स्वतः रात्री उघड्यावर बसले. आधी एकच चीवर होतं. थंडी वाजली तेव्हा दुसरं घेतलं, मग तिसरं, आणि पहाटे चौथं, तेव्हा कुठे निभावलं. म्हणून भिक्खूला तीन चीवरं, त्यातली संघाटी दुहेरी.

पण वैशालीची थंडी आणि लंडनची थंडी यात फरक आहे.

लंडनमध्ये भिक्खू म्हणून धम्मकार्याला आलेले पहिले गृहस्थ मूळचे लंडनचेच. ॲलन बेनेट हे त्यांचं नाव. शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ आणि दम्याने पिडलेले. ब्रह्मदेशात १९०२ साली त्यांनी उपसंपदा घेतली आणि ते आनंद मेत्तेय्य झाले. १९०८ च्या एप्रिलमध्ये ते लंडनला उतरले. त्यांच्याबरोबर श्रीमती ह्ला औंग ही ब्रह्मी उपासिका, तिचा मुलगा आणि सून होती. त्यांच्या स्वागतासाठी लंडनमध्ये आदल्याच वर्षी एक बौद्ध संस्था निघाली होती आणि पाली ग्रंथांचे जाणकार ऱ्हीस डेव्हिड्स तिचे अध्यक्ष होते. विद्वान होते, सभा होती, व्याख्यानांची सोय होती. अडलं ते भलत्याच ठिकाणी.

आपल्याच जन्मगावात हा माणूस परका झाला. पिवळं चीवर घालून रस्त्याने निघाले की पोरं मागे लागायची, टिंगल व्हायची. पैशाला हात लावायचा नाही, म्हणजे एकट्याने बाहेर पडायची सोय नाही. तिकीट काढायला कोणीतरी संगती हवाच. घोडा जुंपलेल्या गाडीत बसायचं नाही, आणि त्या काळचं लंडन अर्धंअधिक घोड्यांवर चाललेलं. दुपारनंतर जेवण नाही, आणि शहराची सगळी मेजवानी संध्याकाळची. ज्या घरात बाई झोपते त्या घरात रात्री राहायचं नाही, तेव्हा त्यांच्यासाठी दुसरं घर बघावं लागलं. एका भिक्खूसाठी दोन घरांचं भाडं! पैसा ब्रह्मी उपासिकेचा. सहा महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, ते परत ब्रह्मदेशी गेले. धम्म शिकवायला ते कमी पडले असं आम्हाला वाटत नाही. रोज सकाळी आपणहून दार उघडणारी घरं त्या शहरात अजून झाली नव्हती.

ही गोष्ट बरोबर ओळखली ती अनागारिक धर्मपालांनी. १८९१ साली महाबोधी सभा काढणारे, बुद्धगयेसाठी आयुष्यभर झगडणारे हे सिंहली गृहस्थ साठी ओलांडल्यावर, प्रकृती ढासळलेली असताना लंडनला गेले, आणि त्यांनी आधी घर घेतलं. होनोलुलूच्या मेरी फॉस्टर या दानशूर बाईंच्या पैशातून १९२६ साली ईलिंग भागात वास्तू घेतली आणि बाईंचंच नाव तिला दिलं. पुढे मुक्काम रीजंट्स पार्कजवळ ग्लॉस्टर रोडच्या ४१ नंबरच्या घरात हलला. मग १९२८ च्या जुलैत सिंहलद्वीपाहून तीन भिक्खू आले. परवाहेर वजिरञाण, हेगोड नंदसार आणि देहिगस्पे पञ्ञासार ही त्यांची नावं. बरोबर व्यवस्थेसाठी धर्मपालांचे शिष्य देवप्रिय वलिसिंह होते. हे नाव आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षा सोहळ्याला महाबोधी सभेच्या वतीने हजर होते ते हेच. अठ्ठावीस साली ते लंडनमध्ये भिक्खूंची सोय बघत होते.

त्या घराचा दिवस कसा गेला असेल, हे जरा डोळ्यांपुढे आणू. जुलै महिना म्हणजे आपल्याकडे आषाढी पौर्णिमेचे, वर्षावासाचे दिवस. वर्षावास आला तो पावसामुळे. चिखल, पिकं, किडामुंगी, म्हणून तीन महिने एका जागी राहायचं. लंडनला तर तेव्हा उन्हाळा, आणि पाऊस म्हणाल तर तो बारा महिने भुरभुरतोच. शिवाय उन्हाळ्यात तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात. युद्धकाळात, १९१६ पासून ही रीत पडली. म्हणजे घड्याळात बारा वाजले तरी सूर्य डोक्यावर यायला तास बाकी. विनय सूर्याचा, शहर घड्याळाचं. थंडीत उलटा प्रकार. डिसेंबरात आठ वाजून गेल्यावर सूर्य उगवतो आणि चारच्या आत मावळतो. पहाट झाल्याशिवाय जेवायचं नाही आणि मध्यान्हानंतर जेवायचं नाही, तर हातात राहतात चार-पाच तास. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत कडाक्याच्या थंडीत रिकामं पोट. भिक्षापात्र घेऊन दारोदार जायचं म्हटलं, तर दार उघडणाऱ्याला हे काय आहे तेच कळायचं नाही. तेव्हा घरातच स्वयंपाक, घरातच दान. त्याचा खर्च लंडनच्या पात्रात पडत नव्हता, महाबोधी सभेकडून येत होता.

आणखी एक हिशेब आहे. विनयाच्या भाषेत चार भिक्खू झाले की संघ; दोन-तीन म्हणजे गण. लंडनला होते तीन. एखाद्या इंग्रज तरुणाने उपसंपदा मागितली असती तरी प्रत्यंत देशाचे पाचसुद्धा भरत नव्हते. दोन वर्षे व्याख्यानं झाली, पाली शिकवणं झालं, मग बाकीचे परतले. वजिरञाणांनी मात्र पुढे केंब्रिजला अभ्यास केला आणि बौद्ध ध्यानमार्गावर इंग्रजीत मोठा ग्रंथ सिद्ध केला.

त्यांच्यानंतर त्या घरात जे दोघे आले, त्यांच्यासाठीच हा सगळा लेख लिहावासा वाटला. १९३२ च्या जुलैत महाबोधी सभेच्या वतीने राहुल सांकृत्यायन आणि भदन्त आनंद कौसल्यायन लंडनला पोहोचले. होय, आपले आनंदजी! बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ हिंदीत आणणारे आणि त्यातल्या वचनांची पालीतली मुळं शोधून देणारे, वर्ध्याला राष्ट्रभाषेचं काम केलेले, अखेरची वर्षे नागपुरात राहून १९८८ साली तिथेच निर्वाण पावलेले. तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. पंजाबातल्या सोहाना गावचा हरनामदास नावाचा पोरगा सिंहलद्वीपात जाऊन चार वर्षांपूर्वी भिक्खू झाला, आणि आता थेट विलायतेला. राहुलजी एकोणचाळीसचे. तिबेटातून खेचरांवर ग्रंथ लादून आणलेला हा माणूस. थंडीचं त्यांना काय वाटणार! पण एका जागी बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. नोव्हेंबरात ते पॅरिसला गेले, तिथून जर्मनीला, आणि पुढे मायदेशी. आनंदजी मागे राहिले.

राहुलजींचं नाव मोठं, त्यांच्या प्रवासावर पुस्तकं आहेत. पण आमचं मन जास्त गुंततं ते मागे राहिलेल्या तरुण भिक्खूत. सोबती गेलेला, हिवाळा तोंडावर, परकी भाषा. ४१ नंबरचं घर सांभाळायचं, रविवारी जे कोणी येतील त्यांना धम्म सांगायचा, आणि दुपारनंतर पाण्यावर राहायचं. धर्मपाल तिकडे सारनाथला अंथरुणाला खिळलेले. २९ एप्रिल १९३३ ला ते गेले. ज्यांनी पाठवलं तेच राहिले नाहीत. पुढे यथावकाश आनंदजीही परतले.

त्याच हिवाळ्यात, १७ नोव्हेंबर १९३२ पासून २४ डिसेंबरपर्यंत, लंडनला तिसरी गोलमेज परिषद भरली होती आणि बाबासाहेब तिथे आपल्या हक्कांसाठी भांडत होते. येवल्याची घोषणा व्हायला अजून तीन वर्षे होती. त्याआधी विद्यार्थीदशेत, १९२१-२२ साली, बाबासाहेब ज्या घरात राहिले ते १० किंग हेन्रीज रोड आपल्याला माहीत आहे. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. ग्लॉस्टर रोडचं नाव पुढे बदलून ग्लॉस्टर ॲव्हेन्यू झालं. नकाशा उघडून पाहा, या दोन घरांमध्ये सावकाश पायी जाण्याएवढंच अंतर आहे. कोणी तिकडे गेलं तर एका सकाळीत दोन्ही ठिकाणी डोकं टेकवून येईल. दुसऱ्या घरावर मात्र दर्शनाला पाटी असेल अशी आशा धरू नये.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो विहार बंद पडला. १९५४ मध्ये तो नव्या जागी पुन्हा सुरू झाला, १९६४ मध्ये चिझिकला गेला आणि १९९४ पासून तिथल्याच मोठ्या वास्तूत आहे. मधली बरीच वर्षे डॉ. सद्धातिस्स महाथेर त्याचे प्रमुख होते. ते काशीला राहिलेले, हिंदी बोलणारे. पंजाबातून ब्रिटनला कामधंद्यासाठी गेलेल्या आंबेडकरी कुटुंबांना त्यांचा मोठा आधार वाटे. आता तिथे सिंहली कुटुंबं आहेत, इंग्रज उपासक आहेत, आपली माणसं आहेत. १९०८ साली एका भिक्खूसाठी जे जमलं नाही, ते आता होतं, कारण वाढणारे हात शहरातच आहेत.

यंदाच्या वर्षावासाला येण्याचं एका भन्तेजींनी कबूल केलं आहे. विहाराच्या फळ्यावर भोजनदानाची यादी लावली आहे. डबा अकराच्या आत यावा. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार भरले आहेत. शनिवार-रविवारी नेहमीप्रमाणे गर्दी आहे. बुधवारपुढे अजून कोणाचं नाव नाही.