फुलाला लाकडाचा आधार

धारगळच्या आमच्या घरी शिमग्याच्या सुमारास सकाळी सुरंगीचा वळेसर यायचा. आजी तो अंबाड्यात माळायची. दुसऱ्या दिवशी सुकलेली फुले फेकून न देता ती कपड्यांच्या लाकडी पेटीत टाकायची. पुढे चवथीला लुगडे बाहेर निघाले की त्याला सुरंगीचा वास असे. पण तो निव्वळ फुलाचा नसे, पेटीच्या लाकडाचा गंधही त्यात भिनलेला असे. पुढे सुगंधी द्रव्यांच्या इतिहासात डोकावलो तेव्हा उमगले, की या विद्येची सगळी मदार याच सोयरिकीवर आहे.

फुलाचा गंध हलका, बघता बघता उडून जाणारा. चंदनाच्या तेलातले सॅन्टॅलॉल जड, सावकाश उडणारे. सोबतच्या हलक्या गंधालाही ते धरून ठेवते. कनोजचे अत्तरवाले पिढ्यान्‌पिढ्या यावरच जगले. तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी घालून जाळ लावायचा, वाफ बांबूच्या नळीने भपक्यात उतरवायची. भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते. वाफेतला गुलाब वा मोगरा त्यात मुरतो. म्हणून अशा अत्तरात नाकाला आधी फूल भेटते आणि उशिरापर्यंत लाकूड सोबत करते.

विद्या मात्र याहून कितीतरी जुनी. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त ‘गंधयुक्ती’ला स्वतंत्र अध्याय दिला. त्यात मंजिष्ठ, कोष्ठ वगैरे द्रव्ये तेलात घालून, उन्हात तापवून चाफ्याच्या वासाचे तेल करण्याची कृती आहे, आणि तीत चाफ्याचे फूलच नाही! इकडे आपल्या गोव्यात 1563 साली गार्सिया द ओर्ताचा औषधी द्रव्यांवरचा पोर्तुगीज ग्रंथ छापला गेला. त्यात चंदनही आहे आणि पारिजातकही.

मग मराठीत काहीच नव्हते का? होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ या ग्रंथांचे एक दुर्मिळ हस्तलिखित उजेडात आणले. ‘गंधवादा’वर चक्क मराठी टीका आहे. 1945 च्या लेखात गोड्यांनी तिचा काळ अदमासे 1350 ते 1550 असा ठरवला. ‘गंधसारा’त भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया सांगितल्या आहेत, पाने, फुले, फळे, साली, लाकडे, मुळे, डिंक अशी द्रव्यांची वर्गवारीही आहे. हे दोन्ही ग्रंथ टीकेसह छापून आले ते 1989 मध्ये, बडोद्याहून. म्हणजे आपल्या भाषेतली ही विद्या चारशेहून अधिक वर्षे हस्तलिखिताच्या पानांत दडून होती. ते बाड वाळवीने खाल्ले असते तर ती होती हेही कोणाला कळले नसते.

वाचकहो, हे सारे आठवायचे कारण आपली सुरंगी. पेडणे-वेंगुर्ले पट्ट्यातल्या या झाडाला फुले लागतात ती थेट जाड फांद्यांवर, पानांच्या आड. मधमाश्यांच्या झुंडी येण्याआधी कळ्या काढाव्या लागतात. सुकलेल्या कळ्या वास सोडत नाहीत. बाजारात त्या ‘तांबडा नागकेशर’ म्हणून विकल्या जातात. पूर्वी रेशीम रंगवायलाही त्या वापरीत. कळ्या आमच्या, पण त्यांचे सुगंधी द्रव्य होते ते परगावी.

तिकडे चंदनाचीही तीच गत. गाभ्यात तेल धरायला झाडाला कित्येक वर्षे लागतात, तोडणाऱ्याला तेवढा धीर नाही. तेल महागले तशी अनेक अत्तरांत त्याची जागा पॅराफिनसारख्या बिनवासाच्या तेलाने घेतली.

11 डिसेंबर 2022 रोजी मोपाच्या विमानतळाचे आणि आमच्या धारगळच्या आयुर्वेद संस्थेचे एकाच दिवशी उद्‌घाटन झाले. गावाचे दिवस पालटले, त्याचा आनंदच आहे. पण घरामागची आमची सुरंगी रस्त्याच्या रुंदीकरणात गेली. तिच्या कळ्या कोणत्या दिवशी काढायच्या, किती ऊन द्यायचे, हे आजीला ठाऊक होते. आम्ही कोणी ते विचारून घेतले नाही. ज्यांच्या घरात अशी आजी आणि परसात असे झाड अजून आहे, त्यांनी या चैत्राआधी वही-पेन घेऊन तिच्याजवळ बसावे.