द्राक्षवेलीचा डोळा : सुप्तावस्था व फूट

द्राक्षवेलीच्या (व्हायटिस व्हिनिफेरा) काडीवर पानाच्या बगलेत असणाऱ्या संयुक्त कळीस डोळा म्हणतात. एका डोळ्यात साधारणतः तीन कळ्या असून मधली मुख्य कळी आधी फुटते व ती निकामी झाल्यास दुय्यम कळी तिची जागा घेते. घडाचा आद्यांकुर आदल्या हंगामातच या कळीत घडत असल्याने डोळे किती एकसारखे फुटतात यावर बागेचे उत्पन्न ठरते.

सुप्तावस्थेचे टप्पे : वाढत्या शेंड्याच्या वर्चस्वामुळे डोळा प्रथम दबून राहतो, दिवस लहान व थंड होऊ लागले की निरोध कळीतच निर्माण होतो आणि पोषक हवेतही ती फुटत नाही. समशीतोष्ण प्रदेशात सु. ७° से.खालील थंडीने हा आंतरिक निरोध ओसरतो. नंतर केवळ उबेची प्रतीक्षा उरते व तापमान सु. १०° से.च्या वर स्थिरावल्यावर फूट होते. हिवाळ्यात अन्नवाहक नलिका कॅलोज या शर्करा-बहुवारिकाने बुजतात व वसंतात मोकळ्या होतात, हे कॅथरीन एसाउ यांनी १९४८ मध्ये दाखविले.

महाराष्ट्रातील पद्धती : नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांत पुरेशी थंडी नसल्याने वेल पूर्णपणे विश्रांती घेत नाही, तेथे फुटीची वेळ छाटणीने ठरविली जाते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या फुटीवर मालकाड्या तयार होतात, तर ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या गोडी छाटणीनंतर त्याच काड्यांच्या डोळ्यांतून घड निघतात. केवळ छाटणी केल्यास टोकाचे डोळे फुटतात व खालचे मागे पडतात. म्हणून छाटणीनंतर सु. २४ ते ४८ तासांत डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावतात, यास बागायतदार ‘पेस्टिंग’ म्हणतात. या संयुगाचा द्राक्षकळ्यांवरील परिणाम शुलमन व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. कॅटालेज या विकराचे कार्य मंदावून कळीत हायड्रोजन पेरॉक्साइड साठते, श्वसनात तात्पुरता बिघाड होतो व त्या ताणातून सुप्ततेस कारणीभूत असलेल्या ॲब्सिसिक अम्लाचे विघटन वाढते, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. मात्र या घटनांच्या क्रमाविषयी मतैक्य नाही. मंद फुटीचा त्रास थंडी लवकर पडल्यास वाढतो. द्राक्षासाठीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र मांजरी (पुणे) येथे १९९७ पासून आहे.

दक्षता : हायड्रोजन सायनामाइड त्वचेस व डोळ्यांस घातक असून त्याच्या संपर्काच्या आगेमागे मद्य घेतल्यास तीव्र विषबाधा होते. यूरोपीय संघाने २००८ मध्ये त्यास मान्यता नाकारली. ते हाताळणाऱ्या मजुरांस हातमोजे, चष्मा व मुखपट्टी पुरविणे हा लागवडीच्या तंत्राचाच भाग मानावयास हवा.

महाड व पोलादपूर : सावित्री खोऱ्यातील या तालुक्यांत वार्षिक पर्जन्य ३,००० मिमी.हून अधिक असून ढगाळ, दमट पावसाळ्यात काडीस ऊन पुरेसे न मिळाल्याने घडाचे आद्यांकुर नीट धरत नाहीत, शिवाय केवडा रोग बळावतो. त्यामुळे द्राक्ष हे येथील पीक नाही. कळीच्या विश्रांतीचा प्रश्न येथे आंब्याच्या मोहोराच्या रूपाने येतो. पावसाळा सरल्यावर जमीन सुकणे व रात्री गार होणे यांवर मोहोर अवलंबून असतो. हापूसला दरवर्षी तो यावा म्हणून पावसाळ्यात पॅक्लोब्युट्राझॉल मुळांशी देतात, जे पालवी वाढविणाऱ्या जिबरेलिनांची निर्मिती रोखते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) या उपायावर संशोधन केले आहे.

रानटी वेली : द्राक्षकुलातील रानद्राक्ष (अँपेलोसिसस लॅटिफोलिया) पावसाच्या आरंभी भूमिगत कंदापासून फुटते.